उन्हाळी शिबिरात एक दिवस आजी-आजोबांचा

मे महिना लागला, शाळांना सुट्टी पडली की आपल्या वस्त्यांतील विहारांना जाग येते. एरवी पौर्णिमेला आणि जयंतीलाच ज्या विहारात केरसुणी फिरते, तिथे पहाटे पाचपासून पोरांचा गलका सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची मुले गावी आलेली असतात, गावची मुले तर असतातच. कुठे भारतीय बौद्ध महासभेच्या शाखेचे श्रामणेर शिबिर भरते, कुठे वस्तीतल्या तरुण मंडळाचे बालसंस्कार शिबिर, तर कुठे समता सैनिक दलाची कवायत. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या समाजबांधवांना हे चित्र नवे नाही. महासभेची स्थापना बाबासाहेबांनी १९५५ च्या मे महिन्यात केली, आणि आजही महासभेचे खरे काम पाहायचे तर मे महिन्यातच पाहावे.

शिबिराचा कार्यक्रमही आता ठरून गेल्यासारखा असतो. पहाटे त्रिशरण-पंचशील, मग व्यायाम, उप्पीट किंवा पोहे, मग भन्तेजींची धम्मदेसना. दुपारी तालुक्याहून आलेल्या वक्त्याचे भाषण, संध्याकाळी भीमगीते. श्रामणेर शिबिर असेल तर दहा दिवस मुंडन, चीवर आणि दुपारनंतर अन्न नाही. काल चिंचेच्या झाडावर चढणारा पोरगा चीवर नेसून खाली मान घालून चालू लागला की त्याच्या आईचे डोळे भरून येतात. वस्तीतून गहू, तांदूळ, डाळ गोळा होते. कुणी तेलाचा डबा देतो, कुणी मंडपाचे भाडे भरतो. हातावर पोट असलेली माणसे हे सगळे उभे करतात याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

मात्र या सगळ्या धावपळीत एक माणूस बाजूला राहतो. विहाराच्या पायरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी आणि लिंबाखाली काठी टेकून बसलेले आजोबा. वक्ता आत माईकवर १९२७ चा महाड सत्याग्रह सांगत असतो, १९५६ ची नागपूरची दीक्षा सांगत असतो, आणि ज्यांच्या घरात दीक्षेनंतर देवांचे टाक देव्हाऱ्यातून उचलले गेले ती माणसे बाहेर लसूण सोलत असतात. समारोपाच्या दिवशी त्यांना खुर्च्या मिळतात. गुलाबाचे एक फूल मिळते. मग सूत्रसंचालक सांगतो की वेळेअभावी ज्येष्ठांची मनोगते घेता येत नाहीत. पाहुण्यांच्या भाषणाला मात्र पाऊण तास असतो.

म्हणून आमची या पानावरून सर्व शिबिरांच्या संयोजकांना विनंती आहे. दहा दिवसांतला एक पुरा दिवस वडीलधाऱ्यांना द्या. पाहुणा नको, माईक नको, हार नको. मुलांनी विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी सांगायचे.

ही घाई कशासाठी, असे कुणी विचारील. हिशेब करून पाहा. १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, आणि पुष्कळ गावांत तर ते बोटही उरलेले नाही. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर जो जनसागर लोटला, त्यात आपल्या भागातून मुंबईला गिरणीत, गोदीत पोटासाठी गेलेली माणसे होती. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच हजारोंना दीक्षा दिली. त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेले पोरही आज म्हातारे आहे. या उन्हाळ्यात विचारले नाही तर पुढच्या उन्हाळ्यात विचारायला माणूस असेलच असे नाही.

सातारचा भिवा आणि त्याची आत्या

शिबिरात मुलांना बाबासाहेब सांगितले जातात ते बहुधा संविधानापासून. सातारा-सांगलीच्या मुलांना ते घरापासून सांगता येतील असे आम्हाला वाटते, कारण त्यांचे बालपण आपल्याच मातीत गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याआधी चारच वर्षे, १८९६ मध्ये, आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. घरात उरली ती रामजींची बहीण मीराबाई.

या आत्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवल्या, आणि त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने आल्या. त्यात ही आत्या भेटते. अंगाने ठेंगणी, पायांनी अधू, कुणीतरी धरल्याशिवाय तिला हलता येत नसे. वडील नोकरीनिमित्त दूर, बहिणी सासरी. मग भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चार पोरे शाळाही करीत आणि स्वयंपाकही. भाकरी थापता येईना, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा, तेवढेच त्यांना जमत असे. शिबिरात जेवणाच्या पंगतीला ही हकिकत सांगून पाहा. जी मुले ताटातली भाजी नको म्हणत असतात ती एकदम गप्प होऊन ऐकतील.

त्याच आठवणींत १९०१ सालचा मसूरचा प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात एका तलावाच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळात माणसे मरत होती म्हणून सरकारने काढलेले ते काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घालून चार पोरे टांग्याने पाडळी स्टेशनवर गेली आणि आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांना पत्र मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली, खरे उत्तर ऐकले आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी पोरांनी हाकायची, गाडीवानाने बरोबर चालायचे असे ठरले. डब्यात जेवण होते पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तर तेही मिळाले नाही. पोरे तशीच उपाशी झोपली.

कराड-कोरेगाव भागातल्या शिबिरांना मसूर किती लांब आहे? एका सकाळी मुलांना एसटीने तिथे नेऊन ही हकिकत वाचून दाखवता येईल. मे महिन्याचे ऊन आणि कोरडा घसा ही तर आयतीच सोय आहे. मात्र मुलांना पाणी द्यायला विसरू नका.

या आठवणीतले आणखी एक सांगायचे आहे. शाळेत भिवाला बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. साताऱ्यात न्हावी होते, पण यांचे केस थोरली बहीण कापीत असे. बाबासाहेबांनी हे सगळे लपवले नाही, साऱ्या जगापुढे लिहून ठेवले. आणि १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ हा आपला मोठा ग्रंथ छापला तेव्हा तो अर्पण केला आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस. वडिलांनी त्यांच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायला कमी केले नव्हते. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेला मुलगा साताऱ्याच्या घराला विसरला नाही.

लाज कुणाची?

आता अवघड भाग. पुष्कळ घरांत आजी-आजोबा जुने काही सांगतच नाहीत. येसकरकी, मेलेले ढोर ओढणे, सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी पळणे, रात्री दारोदार फिरून भाकरी मागणे, जोहार घालणे, हे नातवंडांपुढे काढू नये असे त्यांना वाटते. मधल्या पिढीलाही तसेच वाटते. “कशाला पोरांच्या डोक्यात ते भरता, आता दिवस बदलले,” असे म्हणणारे नोकरदार वडील आम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या मनात वाईट काही नसते. मुलाने वर्गात मान खाली घालू नये एवढेच त्यांना हवे असते.

पण मुलाची मान खाली जाते ती ठाऊक नसल्यामुळे, असे आमचे मत आहे. ज्याला आपल्या आजोबांनी काय सोसले एवढेच माहीत आहे तो गप्प बसतो. त्याच आजोबांनी ते काम एके दिवशी कसे सोडून दिले, गावाने वाट अडवली, कुणी दळण दिले नाही, मजुरी दिली नाही, तरी माघार कशी घेतली नाही, हे ज्याला माहीत असते तो मान वर करून बोलतो. सोसणे आणि सोडणे ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. एकच सांगितले तर गोष्ट खोटी होते. बाबासाहेबांनी महार वतनाच्या विरोधात मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले १९२८ साली, आणि वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने. मधल्या तीस वर्षांत गावोगाव हा लढा कुणी दिला? त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. ती आहेत फक्त तुमच्या-आमच्या आजीच्या तोंडी.

लिहिणाऱ्यांनी मात्र वाट दाखवून ठेवली आहे, आणि त्यातले दोघे तर आपल्याच भागातले. आटपाडीचे शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ चा, त्यांचे घराणे तराळकी करणारे. बापाने गावची तराळकी कशी केली ते त्यांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात लिहिले. ते १९८१ मध्ये आले. याच माणसाने पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले आणि १९८४ च्या जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. माणदेशातल्या शिबिरांत आटपाडीच्या या सुपुत्राचे नाव मुलांना माहीत नसावे, हे बरे नव्हे.

दुसऱ्या फलटणच्या बेबीताई कांबळे. लहानसे दुकान चालवायचे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा पुड्या बांधायच्या रद्दीतले छापील कागद वाचायचे आणि घरच्यांच्या नजरेआड लिहायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. पुढे ते इंग्रजीतही गेले. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवली. २०१२ मध्ये त्या गेल्या. बेबीताईंनी जे लिहिले त्यात त्यांची एकटीची कहाणी फार थोडी आहे. सगळ्या महारवाड्याच्या बायका त्यात आहेत, त्यांचे बाळंतपण, त्यांचा उपास, त्यांच्या अंगात येणे आणि बाबासाहेबांचे शब्द ऐकून त्यांचे उठून उभे राहणे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तर चळवळीतल्या बायांच्या दारी जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले. हातात वही, समोर म्हातारी बाई, एवढ्या भांडवलावर ते काम झाले. शिबिरातल्या मुलांकडे यातले काय कमी आहे?

विचारायचे कसे?

एकदम “आजोबा, तुमच्यावर अन्याय कसा झाला ते सांगा” असे विचारले तर आजोबा काहीच सांगणार नाहीत, किंवा भाषण करतील. आपल्याकडे म्हाताऱ्यांनाही भाषणाची सवय लागली आहे! साधे विचारावे. शाळेत पहिल्या दिवशी कुणी नेऊन सोडले? पाणी कुठून आणायचात? लग्नात काय जेवण होते? पहिला पगार किती मिळाला आणि त्याचे काय केले? जोहार बंद होऊन जयभीम कधी सुरू झाला, आणि पहिल्यांदा पाटलासमोर जयभीम म्हणताना काय वाटले? घरातले देव काढले तेव्हा ते कुठे नेले, कृष्णेत सोडले की येरळेत, आणि आजीची सासू रडली का? रडली असेल तर तेही लिहावे. ज्या देवाला चाळीस वर्षे नैवेद्य दाखवला तो पाण्यात सोडताना हात थरथरला म्हणून त्या माउलीची निष्ठा कमी ठरत नाही.

साल आठवत नसेल तर अडून बसू नये. आपल्या भागातल्या माणसांची स्वतःची कॅलेंडरे आहेत. कोयनेचा भूकंप झाला ती पहाट ११ डिसेंबर १९६७ ची. त्याच्या आधी की नंतर एवढे विचारले की निम्मे काम होते. मग बहात्तरचा दुष्काळ. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात खडी फोडायला गेला नाही असा माणूस आपल्या वस्तीत विरळा. सुकडी खाल्लेली पोरे आज आजोबा झाली आहेत. मग गिरण्यांचा संप, १८ जानेवारी १९८२. मुंबईला किती घरे त्या संपात बसली आणि किती माणसे पेटी उचलून गावी परतली, हे विचारायला हवे. गिरणीतली आणखी एक गोष्ट विचारावी. आपल्या माणसांना विणकाम खात्यात का घेत नसत? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होतो म्हणून. चांगला पगार त्याच खात्यात होता. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उघडपणे मांडला होता.

उत्तरे लिहिताना मुलांनी आजीची भाषा सुधारू नये. ती “व्हतं”, “गेल्तो” म्हणत असेल तर तसेच लिहावे. शाळेतल्या बाईंना दाखवायची वही वेगळी, ही वेगळी. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी उतरवून घ्याव्यात, कारण जाते गेले तशा ओव्याही चालल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुणे भागापासून सुरुवात करून गावोगावच्या ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या कितीतरी आहेत. कधी शाळा न पाहिलेल्या बायांनी भीमरायाला भाऊ मानून पहाटे दळता दळता रचलेले ते काव्य. हल्ली हातातल्या मोबाइलवर आवाज टिपता येतो, तो टिपावा. पण मोबाइल समोर धरला की आजी पदर सावरून बसते आणि निराळ्याच सुरात बोलू लागते, म्हणून तो बाजूला ठेवून बोलत राहावे. आणि एखादी गोष्ट सांगता सांगता ती थांबली तर पुढे विचारू नये. पाणी द्यावे, हात धरून बसावे.

सन्मान कसा करावा यावरही थोडे बोलले पाहिजे. काही ठिकाणी आईवडिलांचे पाय धुण्याचा, ओवाळण्याचा कार्यक्रम करतात. भावना चांगली असेल, पण तो आपला मार्ग नव्हे. भगवान बुद्धांनी सिगालाला सहा दिशांचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा पूर्व दिशा म्हणजे आईवडील असे सांगितले, आणि दिशेला पाणी सोडण्यापेक्षा त्यांना सांभाळावे, त्यांचे काम हाती घ्यावे, असे सांगितले. मुले शिबिरात रोज महामंगल सुत्त म्हणतात. त्यातही आईवडिलांची सेवा हे मंगल आहे. तो दिवस विहारातून बाहेर काढून प्रत्यक्षात आणायचा तर आजीच्या हातातले सूप मुलाने घ्यावे आणि तिला आत, पंख्याखाली, पुढच्या ओळीत बसवावे. त्या दिवशीचा स्वयंपाक तरुण पोरांनी करावा. साताऱ्याच्या त्या चार मुलांना पुलाव जमत होता, आपल्या पोरांना भात-आमटी जमायला हरकत नाही. शाल-श्रीफळाचे पैसे वाचतील त्यांत वह्या येतील.

कागदांचेही काम याच दिवशी उरकावे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत शाळा सोडल्याचा दाखला असतो, गिरणीचे ओळखपत्र असते, कुठे हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीचा उतारा असतो, दीक्षेच्या वेळचा एखादा पिवळा पडलेला फोटो असतो. हे जतन करण्यात नुसती हौस नाही. जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात तेव्हा सगळे घर त्या पेटीशी धावते. कोतवाल बुकातल्या नोंदीसाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागतात, आणि मूळ गाव कोणते, पणजोबांचे नाव काय, गावात ते कोणत्या नावाने ओळखले जात, हे सांगणारे एकच माणूस घरात असते. सातारा आणि सांगली हे तर १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. मग दक्षिण सातारा झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. आटपाडीकडचा भाग तर औंध संस्थानात होता. जुना कागद कोणत्या कचेरीत शोधायचा, इथपासून म्हाताऱ्या माणसाची आठवण उपयोगी पडते.

शिवाय पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात आणि पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या गावांत शिरले, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरले. वस्त्या सखल भागात, त्यामुळे पाणी आधी आपल्याच दारात. माणसे आणि जनावरे बाहेर काढताना पेटीकडे कोण बघणार? ज्या घरांतले कागद आणि फोटो त्या पाण्यात भिजले त्यांना आम्ही काय सांगतो आहोत ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिबिरातल्या मोठ्या मुलांनी प्रत्येक घरातल्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, आणि मूळ कागद ज्याचा त्याला तिथेच परत करावा. कुणाचाही कागद विहारात जमा करून घेऊ नये, त्यातून भांडणे होतात.

मुलांच्या वह्यांची मात्र एक प्रत विहारात राहू द्यावी. प्रत्येक वहीवर सांगणाराचे नाव, लिहिणाऱ्या मुलाचे नाव, गाव आणि तारीख असावी. लिहिलेले आजी-आजोबांना एकदा वाचून दाखवावे आणि ते म्हणतील तेवढे खोडावे. कपाटाचा वरचा कप्पा त्यासाठी मोकळा करावा, आणि नदीकाठच्या गावांनी तर तो माळ्यावरच ठेवावा.